टायर, नियम आणि शर्यतीची रंगत : फॉर्म्युला वनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्यत कंटाळवाणी झाली की खापर टायरवर फुटतं, नाहीतर नियमांवर. रंगली की श्रेय ड्रायव्हरला. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी एकमेकांत इतक्या गुंतल्या आहेत की एकीबद्दल विचारावं आणि उत्तर दुसरीत सापडावं. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन-चार ओळींत संपतात, काहींसाठी थोडा जुना इतिहास काढावा लागतो.

सगळ्यांना टायर एकाच कंपनीचे मिळतात. मग त्यांच्यामुळे फरक कसा पडतो?

२०११ पासून सगळ्या संघांना टायर पिरेलीच पुरवते, हे खरं. पण टायर सारखे असले तरी त्यांवर बसणारी गाडी सारखी नसते. एखादी गाडी मागचे टायर तापवून टाकते, दुसरीला पुढचे टायर पुरेसे गरमच करता येत नाहीत. शिवाय टायर कधी बदलले, त्यावर किती लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) झाले, समोर मोकळा रस्ता होता की कुणाच्या तरी मागे अडकून राहावं लागलं, यावरून एकाच साच्यातून निघालेल्या दोन टायरांची अवस्था अर्ध्या तासात पार वेगळी होते.

माझ्या मते शर्यतीचा सगळा जीव या फरकात आहे. पुढच्या गाडीचे टायर पंचवीस लॅप जुने आणि मागच्या गाडीचे पाच लॅपचे, असं चित्र असेल तर काहीतरी घडणारच. दोघांचे टायर सारखेच जुने असतील तर एकामागे एक वरात निघते. एखाद्या नियमाने हा फरक वाढला की शर्यत रंगते, मिटला की थंड पडते. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्याकडे येतील.

लाल, पिवळा, पांढरा... या रंगांचा अर्थ काय?

लाल पट्टा म्हणजे त्या शर्यतीतला सर्वांत मऊ टायर, पिवळा मधला, पांढरा सर्वांत कडक. हिरवा पट्टा ओलसर ट्रॅकसाठी आणि निळा भर पावसासाठी. मऊ टायर चटकन गरम होतो, पकड जास्त देतो आणि लवकर संपतो. कडक टायरचं याच्या उलट.

यात एक मेख आहे. लाल टायर दर ठिकाणी एकच नसतो. पिरेलीकडे सी१ म्हणजे सर्वांत कडक इथपासून चढत्या क्रमाने मऊ होत जाणाऱ्या रबराच्या जाती आहेत आणि प्रत्येक शर्यतीसाठी त्यातल्या तीन निवडल्या जातात. त्यामुळे एका ट्रॅकवरचा ‘मऊ’ टायर दुसऱ्या ट्रॅकवर ‘मधला’ असू शकतो. २०२५ मध्ये बेल्जियमच्या शर्यतीला सी१, सी३ आणि सी४ अशी मधली एक पायरी गाळून निवड केली होती. कडक टायर इतका मागे पडावा की तो घेऊन टायर बदलायला एकच थांबा करायचा की मधला व मऊ घेऊन दोन, हे प्रत्येक संघाला खरोखर ठरवावं लागावं, असा हेतू. हा प्रयोग मला आवडतो, कारण त्यात सक्ती कुणावरच नाही.

‘टायर गेले’ म्हणतात म्हणजे नक्की काय होतं?

रबर ट्रॅकला धरून राहतं ते ठरावीक तापमानात, ढोबळमानाने शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याहून थंड असेल तर ते घसरतं, फार तापलं तर पकड सोडतं. म्हणूनच टायर गाडीला लावायच्या आधी विजेवर तापणाऱ्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवतात.

टायर जायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. साधी झीज म्हणजे रबराचा थर पातळ होत जाणं. उष्णतेने जाणारी पकड वेगळी; तिथे रबर शिल्लक असतं, पण त्यातला जोर संपलेला असतो. थंड टायर जबरदस्तीने घासला गेला की पृष्ठभागावर खोडरबर घासल्यावर सुटतात तशा वळ्या सुटतात, त्याला ग्रेनिंग म्हणतात. आतून फार तापला तर फोड येतात, ते ब्लिस्टरिंग. आणि ब्रेक लावताना चाक जॅम होऊन फरफटलं तर टायरचा तेवढाच भाग सपाट होतो, मग दर फेऱ्याला गाडी हादरते.

यातलं ग्रेनिंग पाहण्यासारखं असतं. कारण ते कधीकधी निघून जातं. काही लॅप सबुरीने काढले तर पृष्ठभाग पुन्हा साफ होतो आणि मागे पडत चाललेला ड्रायव्हर अचानक वेगात येतो. गाडीवरच्या (ऑनबोर्ड) कॅमेऱ्यात पुढच्या टायरच्या आतल्या कडेकडे लक्ष ठेवा. काळपट, खरखरीत पट्टा दिसू लागला की समजायचं, आता हा वळणांवर बाहेर फेकला जाणार.

टायर मुद्दाम लवकर खराब होतील असे बनवतात, हे खरं आहे का?

हो, आणि ते लपवून ठेवलेलं नाही. २०१० मध्ये शर्यतीत इंधन भरण्यावर बंदी आली. हंगामाची पहिली शर्यत बहरीनला झाली आणि गाड्या नुसत्या एकामागोमाग धावत राहिल्या. ब्रिजस्टोनचे तेव्हाचे टायर इतके टिकाऊ होते की एकदा बदलले की काम झालं. त्याच वर्षी जून महिन्यात कॅनडात मात्र वेगळंच घडलं. तिथल्या गुळगुळीत पृष्ठभागावर तेच टायर भराभर खराब झाले, संघांची गणितं कोसळली आणि शर्यत विलक्षण रंगली. पुढच्या वर्षी पिरेली आली तेव्हा तिच्याकडे मागणी होती ती साधारण अशा शर्यतींची.

२०१२ मध्ये त्याचं फळ दिसलं. पहिल्या सात शर्यती सात वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी जिंकल्या: बटन, अलोन्सो, रोझबर्ग, फेटेल, मालदोनादो, वेबर, हॅमिल्टन. विल्यम्सच्या गाडीतून पास्तोर मालदोनादोने स्पेनमध्ये अलोन्सोला त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर मागे ठेवलं, हे आजही खरं वाटत नाही.

२०१३ मध्ये मात्र अती झालं. स्पेनची शर्यत अलोन्सोने चार थांबे घेऊन जिंकली. कोण खरोखर पुढे आहे हे स्टँडमध्ये बसलेल्यांना कळेनासं झालं. मग ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला आघाडीवर असलेल्या हॅमिल्टनचा मागचा डावा टायर धावत्या गाडीवर फाटला. पाठोपाठ मासा, व्हर्न आणि पेरेझ यांचंही तेच झालं. ताशी अडीचशेच्या पुढच्या वेगाने येणाऱ्या गाड्यांसमोर रबराचे पट्टे उडत होते. पुढच्या जर्मन शर्यतीत पुन्हा असं झालं तर गाडी चालवणार नाही, असा इशारा ड्रायव्हरांनी दिला. मागच्या टायरांच्या आतला पोलादी पट्टा काढून केव्हलारचा घालण्यात आला. करमणुकीसाठी टायर नाजूक करताना एक रेषा असते. ती कुठे आहे हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

ड्रायव्हर टायर सांभाळत हळू चालवतात. याला रेसिंग म्हणायचं?

म्हणायचं, पण एका मर्यादेपर्यंत. वळणाच्या जरा आधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलणं, वळणातून बाहेर पडताना मागचं चाक फिरू न देणं, आणि हे सगळं करूनही लॅपमागे फक्त दोन-तीन दशांश सेकंद गमावणं, हे अतिशय कठीण काम आहे. २०१२ च्या मोंझाला सर्जिओ पेरेझने सॉबरसारख्या मधल्या फळीतल्या संघाच्या गाडीतून हेच केलं. सुरुवातीला कडक टायरवर लांबवर गेला, शेवटी ताजे टायर घेऊन आला आणि इटलीतच दोन्ही फेरारींना मागे टाकत दुसरा आला. ज्याने तो शेवट पाहिला तो टायर सांभाळण्याला कंटाळवाणं म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळ्या टायरबद्दल आहे: एकदा तापला की पुन्हा सावरत नाही अशा. २०१७ नंतरची काही वर्षं हे फार जाणवलं. मागचा ड्रायव्हर एक-दोन लॅप जोर लावायचा, टायर तापायचे, मग त्याला तीन सेकंद मागे पडून ते थंड करत बसावं लागायचं. हल्ला करणाऱ्यालाच शिक्षा. २०२२ मध्ये तेरा इंची रिमऐवजी अठरा इंची आले, त्यांच्यासोबत टायरही नव्याने बनले. ते कमी तापावेत हे तेव्हाचं एक मोठं उद्दिष्ट होतं आणि ते बऱ्याच अंशी साधलं.

शर्यतीत टायर बदलायचेच नाहीत, असाही नियम होता म्हणे?

होता, फक्त २००५ मध्ये. पात्रता फेरी (जिच्यावरून सुटण्याचा क्रम ठरतो) आणि पूर्ण शर्यत एकाच जोडावर, म्हणजे चार टायरांच्या एकाच संचावर. पंक्चर किंवा पाऊस असेल तरच बदल. इंधन मात्र भरता येत होतं. त्या एका वर्षाने या विषयाच्या तीन बाजू दाखवल्या.

पहिली जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला. किमी रायकोनेन आघाडीवर होता. ब्रेक लावताना त्याच्या पुढच्या उजव्या टायरवर सपाट डाग पडला. टायर बदलायला थांबावं तर शर्यत हातची जाणार, म्हणून तो तसाच चालवत राहिला. चाक इतकं हादरत होतं की टीव्हीवर पुढचं सस्पेन्शन थरथरताना स्पष्ट दिसायचं. शेवटच्या लॅपच्या पहिल्या वळणावर ते तुटलं आणि अलोन्सो जिंकला. थरार होता यात शंका नाही, पण जीवाशी खेळ होता.

दुसरी अमेरिकेत इंडियानापोलिसला, १९ जून २००५. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा मागचा टायर तेराव्या, उतरत्या काठाच्या वेगवान वळणावर फुटला. मिशेलिनने सांगितलं, आमचे टायर या वळणावर पूर्ण शर्यत टिकतील अशी खात्री देता येत नाही. वळणाआधी वेग कमी करणारा अडथळा घालावा, ही मागणी एफआयए या नियामक संस्थेने फेटाळली. रविवारी वीस गाड्या सुटण्याआधीच्या फॉर्मेशन लॅपला निघाल्या आणि मिशेलिनवाल्या चौदा गाड्या थेट पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या, टायर बदलायच्या गल्लीत) वळल्या. ग्रिडवर, म्हणजे सुटायच्या जागी, उरल्या सहा. लोकांनी आरडाओरडा केला, बाटल्या फेकल्या. त्या सहांमध्ये आपला नारायण कार्तिकेयन होता. जॉर्डनच्या गाडीतून तो चौथा आला आणि पाच गुण मिळवले. भारतीय ड्रायव्हरने फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले ते पहिले गुण. ते गुण फुकटचे होते असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. सहा गाड्यांत त्याच्या मागे आणखी दोन होत्याच, आणि शर्यत पूर्ण अंतराची होती.

तिसरी बाजू जपानमधल्या सुझुकाची. पावसाने पात्रता फेरीची उलथापालथ केली आणि वेगवान गाड्या मागे पडल्या. रायकोनेन सतराव्या जागेवरून निघाला आणि शेवटच्या लॅपला पहिल्या वळणावर फिझिकेलाला बाहेरून मागे टाकून जिंकला. म्हणजे टायर न बदलताही शर्यत अविस्मरणीय होऊ शकते. फक्त फरक दुसरीकडून यावा लागतो. तिथे तो ग्रिडच्या क्रमातून आला.

दोन कंपन्यांचे टायर असते तर जास्त मजा आली असती का?

२००१ ते २००६ मध्ये ब्रिजस्टोन विरुद्ध मिशेलिन असा सामना होता. तेव्हा विकासाचा वेग जबरदस्त होता. पण प्रेक्षकाला त्यात दिसतं ते एवढंच, की आज या कंपनीचा दिवस आहे. अशा रविवारी त्या कंपनीच्या गाड्या पुढे आणि दुसरीच्या मागे. शिवाय इंडियानापोलिसची मुळं त्या स्पर्धेतच आहेत. एकच पुरवठादार असणं मला योग्य वाटतं.

अंडरकट म्हणजे काय?

पुढच्या गाडीला ट्रॅकवर गाठता येत नसेल तर तिच्या आधी पिटमध्ये जायचं, ताज्या टायरवर एक-दोन लॅप जीव तोडून काढायचे आणि ती पिटमधून बाहेर येईपर्यंत तिच्या पुढे जायचं. गाडी उभी असते ती जेमतेम दोन-अडीच सेकंद. मॅकलारेनने २०२३ मध्ये कतारला १.८० सेकंदांत चारही चाकं बदलली होती. खरा वेळ जातो तो पिटलेनच्या वेगमर्यादेत, साधारण वीस सेकंद किंवा जास्त.

याची दुसरी बाजू म्हणजे पुन्हा थांबायचंच नाही. २०२४ ची मोंझाची शर्यत त्यासाठी बघा. मॅकलारेनच्या दोन्ही गाड्या दोन थांब्यांवर गेल्या. शार्ल लक्लेर एकच थांबा घेऊन शेवटचे ३८ लॅप त्याच कडक टायरवर राहिला. पियास्त्री लॅपमागून लॅप जवळ येत होता, लक्लेरचे टायर कधी कोसळतील याची सगळे वाट पाहत होते आणि ते कोसळले नाहीत. मोंझाच्या पट्टीवर जी गर्दी उतरली ती दृश्यं विसरता येत नाहीत. ओव्हरटेक झालाच नाही, तरी शेवटचे दहा लॅप श्वास रोखून पाहिले, कारण दोन संघांनी दोन वेगळे निर्णय घेतले होते आणि कोण बरोबर हे अजून ठरायचं होतं.

मग थांबे सक्तीचे करून वाढवले तर?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि माझं उत्तर ठाम नाही असं आहे.

मोनाकोचा दाखला घ्या. २०२४ मध्ये पहिल्याच लॅपला अपघात होऊन लाल झेंडा लागला, म्हणजे शर्यत थांबवली गेली. लाल झेंड्यात टायर बदलायची मुभा असते, त्यामुळे दोन जातींचे टायर वापरायची अट सगळ्यांची तिथेच पुरी झाली. उरलेली शर्यत सगळे त्याच टायरवर सांभाळून फिरले. पहिले दहा ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोहोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

त्यावर उपाय म्हणून २०२५ मध्ये मोनाकोपुरता नियम आला: प्रत्येकाने टायरचे किमान तीन जोड वापरायचे, म्हणजे दोन थांबे. झालं काय? रेसिंग बुल्स आणि विल्यम्सने आपल्या एका ड्रायव्हरला मुद्दाम हळू चालवायला लावलं. त्याच्या मागे रांग तुंबली, सहकाऱ्यासमोर मोकळी जागा तयार झाली आणि त्याचे थांबे जागा न गमावता उरकले. मोनाकोच्या गल्ल्यांत मागच्याला बाजूने जायला वावच नाही. आघाडीवर व्हर्स्टापेनने दुसरा थांबा अगदी शेवटून दुसऱ्या लॅपपर्यंत लांबवला. लाल झेंडा लागला तर फुकटात टायर मिळतील या आशेवर. नॉरिस जिंकला. अडचण रस्त्याच्या रुंदीत आणि गाड्यांच्या आकारात होती, थांब्यांच्या संख्येत नव्हतीच.

कतारची गोष्ट जरा वेगळी, तिथे कारण सुरक्षेचं होतं. २०२३ मध्ये तिथल्या कडांवरून जाताना टायरच्या बाजूच्या भिंतीत रबर आणि आतले धागे सुटू लागल्याचं आढळलं. मग एका जोडावर जास्तीत जास्त १८ लॅप अशी मर्यादा घातली. ५७ लॅपची शर्यत, म्हणजे तीन थांबे ठरलेले. टायर वाचवायची गरजच उरली नाही, सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण जोरात, आणि त्या भयंकर उकाड्यात ड्रायव्हरांची अवस्था वाईट झाली. ओकॉनला हेल्मेटमध्येच उलट्या झाल्या, सार्जंटला शर्यत सोडावी लागली. ‘पूर्ण वेगाने चालवू द्या’ म्हणणाऱ्यांना हवी तशी शर्यत मिळाली, पण डावपेच जवळजवळ नव्हते.

२०२५ मध्ये तिथेच मर्यादा २५ लॅपची होती. सातव्या लॅपला सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवायला लावणारी गाडी) आली. ५७ मधून ७ गेले की उरतात ५०, म्हणजे बरोबर दोन जोड. मॅकलारेन सोडून जवळपास सगळे त्याच क्षणी आत वळले. मॅकलारेनच्या दोन्ही गाड्या बाहेर राहिल्या आणि पियास्त्रीची आघाडी गेली, व्हर्स्टापेन जिंकला. अजिंक्यपद शेवटी मॅकलारेनच्याच नॉरिसने व्हर्स्टापेनवर ४२३ विरुद्ध ४२१ अशा दोन गुणांनी मिळवलं, यावरून त्या एका निर्णयाचं वजन कळेल. पण नीट पाहिलं तर कळतं, की रंगत आली ती मॅकलारेनच्या चुकीने. नियमाने बाकी सगळ्यांना एकाच लॅपला एकच गोष्ट करायला लावली होती.

पुढच्या गाडीच्या जवळ गेलं की मागच्याची पकड का जाते?

गाडी जमिनीला दाबून धरते ती वाहती हवा. पुढची गाडी ती हवा ढवळून टाकते. मागच्याला मिळते ती विस्कटलेली हवा, दाब कमी होतो, गाडी घसरते, घसरली की टायर तापतात. म्हणजे शेवटी गोष्ट टायरवरच येते.

यावर तीन प्रकारचे उपाय झाले. २०११ मध्ये डीआरएस आलं: पुढच्याच्या एका सेकंदाच्या आत असाल तर ठरलेल्या पट्ट्यात मागच्या पंखाची फळी उघडून वेग वाढवायचा. उपयोगी होतं, पण अनेकदा सरळ रस्त्यावर नुसतं बाजूने निघून जाणं व्हायचं आणि बचाव करणाऱ्याच्या हाती काहीच नसायचं. २०२२ मध्ये गाडीच्या तळातूनच दाब तयार होईल अशी रचना आली. जुन्या गाड्या अगदी जवळ गेल्यावर निम्म्याच्या आसपास दाब गमावत, नव्या त्या मानाने फारच कमी. सुरुवातीला फरक ठळक होता. मग संघांच्या इंजिनिअरांनी नवनवे आकार शोधून काढले आणि हवा पुन्हा बिघडत गेली.

२०२६ च्या नियमांत डीआरएस काढलं. आता पुढचे-मागचे दोन्ही पंख सगळ्यांनाच हलवता येतात आणि एका सेकंदाच्या आत असलेल्याला विजेचा जादा जोर मिळतो. गाड्या थोड्या लहान व हलक्या, टायर पुढे २५ मिलिमीटर आणि मागे ३० मिलिमीटर अरुंद. यातली मला पटणारी गोष्ट म्हणजे जोर कुठे वापरायचा हे ड्रायव्हर ठरवतो.

शर्यतीत इंधन भरणं परत आणावं का?

नको. १९९४ ते २००९ या काळात ते होतं. १९९८ ला हंगेरीत मायकेल शूमाकरने फेरारीचे तांत्रिक प्रमुख रॉस ब्रॉन यांच्या सांगण्यावरून तीन थांब्यांवर जाऊन मॅकलारेनला हरवलं, ती कामगिरी थोरच. पण त्या काळात जागा बदलायच्या त्या पिटलेनमध्ये. पुढच्याला ट्रॅकवर गाठायचा धोका कशाला घ्यायचा, तो इंधन भरायला गेला की दोन लॅप जास्त काढू, असा हिशेब असायचा. त्यात आगीचा धोका. १९९४ ला होकेनहाइमला योस व्हर्स्टापेनची (आजच्या व्हर्स्टापेनच्या वडिलांची) गाडी इंधन भरताना पेटली, तो फोटो पाहिलेल्याला आणखी समजवावं लागत नाही.

सेफ्टी कारने निकाल फिरतो. हे न्याय्य आहे का?

सेफ्टी कार आली की सगळे हळू चालतात, म्हणून पिटमध्ये जायचा तोटा जवळपास निम्मा होतो. नुकताच थांबून आलेला नशिबाला बोल लावतो, न थांबलेल्याची चांदी. दर वेळी कुणावर तरी अन्याय होतोच, पण हंगामभरात ते बऱ्यापैकी सारखं होतं.

नियम मात्र जसाच्या तसा पाळला गेला पाहिजे. २०२१ च्या अबू धाबीत हॅमिल्टन जुन्या कडक टायरवर होता, व्हर्स्टापेनने सेफ्टी कारमध्ये ताजे मऊ टायर घेतले. दोघांच्या मध्ये असलेल्या फक्त पाच मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ दिलं आणि शेवटचा एक लॅप शर्यतीसाठी मोकळा केला. टायरांतला फरक इतका मोठा होता की निकाल झेंडा हिरवा होतानाच ठरला होता. चुरस हवी म्हणून नियम वाकवला, असं लाखो लोकांना वाटलं आणि ती जखम अजून भरलेली नाही. शर्यत संचालक मायकेल मासी यांना त्या पदावरून दूर केलं गेलं. फरक हवा, पण तो संघांच्या निर्णयातून यायला हवा, नियंत्रण कक्षातून नव्हे.

पावसाचे टायर असताना पावसात शर्यत का थांबवतात?

निळा टायर ताशी ३०० किलोमीटर वेगात सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकू शकतो. तेच पाणी मागच्याच्या डोळ्यांसमोर पांढरी भिंत होऊन उभं राहतं. पकड असते, दिसत काही नाही. २०२१ ला बेल्जियममध्ये सेफ्टी कारमागे मोजके लॅप काढून निम्मे गुण वाटले गेले आणि दिवसभर भिजलेले प्रेक्षक तसेच घरी गेले. म्हणून आजही पाऊस जोराचा असेल तर निळ्या टायरवर फक्त वाट पाहणं होतं, शर्यत खऱ्या अर्थाने सुरू होते ती हिरव्यावर.

झिजलेल्या टायरमुळे कुणी बाद झालं आहे का?

२०२४ ला बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल एकाच थांब्यावर जिंकला. त्यानंतर गाडी दीड किलोने कमी भरली आणि विजय हॅमिल्टनकडे गेला. झिजलेल्या टायरांचं वजन घटतं, तो यातला एक भाग. एरवी शर्यत संपल्यावर ड्रायव्हर शेवटच्या फेरीत ट्रॅककडेला पडलेल्या रबराच्या तुकड्यांवरून मुद्दाम गाडी नेतात, ते टायरला चिकटतात आणि वजन भरून निघतं. बेल्जियमच्या स्पाचा ट्रॅक इतका लांब आहे की तिथे ही पूर्ण फेरी होतच नाही, गाड्या पहिल्या वळणाजवळूनच परत येतात.

नियम मुळापासून बदलले की चुरस वाढते का?

बहुधा आधी कमी होते. कुणीतरी एक संघ नवीन पुस्तक इतरांपेक्षा बरं वाचतो. २०१४ ला मर्सिडीज, २०२२ ला रेड बुल. २०२३ मध्ये तर रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. सिंगापूर तेवढी साइन्झने वाचवली. मग बाकीचे हळूहळू गाठतात. २०२४ मध्ये त्याच नियमांत सात ड्रायव्हरांनी प्रत्येकी एकाहून जास्त शर्यती जिंकल्या. म्हणजे चुरस हवी असेल तर नियम काही वर्षं तसेच राहू देणं हा सर्वांत स्वस्त उपाय. २०२१ पासूनची खर्चमर्यादा आणि तळाच्या संघाला वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) जास्त चाचण्या करू देणारी पद्धत, यांनी हे अंतर लवकर मिटतं.

भारतातल्या शर्यतीत टायरचं असं काही घडलं होतं का?

घडलं होतं, आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात आहे. ऑक्टोबर २०१३, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. मऊ टायर पंधरा लॅपपेक्षा जास्त चालवू नका, असा पिरेलीचा सल्ला होता. पोलवर, म्हणजे सुटताना पहिल्या जागेवर, असलेला फेटेल दुसऱ्याच लॅपला आत वळला, मऊ टायर काढून टाकले, मागून रांगेतून वाट काढत पुढे आला, शर्यत जिंकली आणि त्यासोबत सलग चौथं अजिंक्यपदही. त्याच शर्यतीत रोमँ ग्रोजाँ सतराव्या जागेवरून निघून एकाच थांब्यावर तिसरा आला. एकाच दिवशी, एकाच टायरवर, दोन टोकाचे डाव आणि दोन्ही यशस्वी.

मुंबईचा जेहान दारूवाला पुढे फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, त्याही पिरेलीच्याच टायरवर. तिथे रविवारच्या मुख्य शर्यतीत टायर बदलणं सक्तीचं असतं, आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत नसतं. दोन्ही पाठोपाठ पाहिल्या तर टायर सांभाळणं म्हणजे काय ते फॉर्म्युला वनपेक्षाही लवकर कळतं.

नव्याने बघायला लागलो आहे. शर्यत बघताना नजर कुठे ठेवू?

युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, म्हणजे निवांत बघता येतात. पडद्याच्या डाव्या बाजूच्या यादीत प्रत्येक नावापुढे टायरचा रंग असतो, अधूनमधून तो किती लॅप जुना आहे तेही दाखवतात. सुरुवात होताच वेगळ्या रंगावर निघालेले दोन-तीन ड्रायव्हर हेरून ठेवा, विशेषतः मागच्या निम्म्यातले. साधारण एक तृतीयांश शर्यत झाली की पहिल्या थांब्यांची लाट येते, तेव्हा यादीतल्या क्रमावर जाऊ नका. अजून थांबायचं कुणाचं राहिलं आहे ते बघा. मग लॅपटाइम. पुढचा दर लॅपला अर्धा सेकंद मंद होऊ लागला आणि मागच्याचे टायर दहा लॅप ताजे असतील, तर चहा ठेवायला उठू नका.